हिमांत मोटार चालवितांना

मृगाचा पाऊस दाराशीं येण्यापूर्वीं आपल्याकडे घरोघरीं केवढी धांदल असते! कोंकणांत कौलें फिरविलीं जातात, लांकूडफांटा आंत येतो, पापड-कुरडया वाळवून डबे भरले जातात, आणि माळ्यावरच्या छत्र्या खालीं उतरवून त्यांच्या काड्या तपासून होतात. पावसाची झड लागल्यावर शाकारणीस निघणाऱ्या गृहस्थाला शहाणा कोणी म्हणत नाहीं. शीत देशांतील लोकांचीही अशीच एक आगोटी असते. ती येते ऑक्टोबर-नोव्हेंबरांत, आणि तींतील एक मोठें काम दारांत उभ्या असलेल्या मोटारीचें असतें.

कॅनडांत किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटा-मिशिगनसारख्या संस्थानांत मोटार ही चैनीची वस्तु नव्हे. दूध आणावयाचें असो, मुलाला शाळेंत पोंचवावयाचें असो, कीं अपरात्रीं डॉक्टरांकडे धांवावयाचें असो, बहुतेक गांवांत मोटारीवांचून गत्यंतर नसतें. आज आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचा मुलगा, मुलगी, भाचा वा पुतणी त्या मुलखांत संसार थाटून आहे. बाळंतपणाच्या निमित्तानें वा नातवंडांच्या ओढीनें घरचीं वडील माणसेंही तिकडे जाऊन चार-सहा महिने राहून येतात. खिडकींतून पाहतांना तें शुभ्र हिम मोठें मनोहर दिसतें. पण दुरून डोंगर साजरे ही म्हण हिमाच्या बाबतींतही तितकीच खरी आहे.

हा विषय मोटार चालविणाराचा. आम्हां घरीं बसणाऱ्यांना त्याचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु हिमांतील प्रवासाचा बराचसा निकाल चालक आसनावर बसण्यापूर्वींच लागलेला असतो, आणि तो लावण्यांत घरांतील सर्वांचा हात असतो. तें कसें, हें सांगणें हाच या लेखाचा हेतु आहे.

चार तळहातांची पकड

धांवत्या मोटारीचा आणि रस्त्याचा प्रत्यक्ष संबंध किती जागेपुरता येतो, याचा आपण सहसा विचार करीत नाहीं. चार टायर, आणि प्रत्येकाचा जमिनीला टेकलेला भाग सुमारें तळहाताएवढा! हजार-दीड हजार किलो वजनाची मोटार या चार तळहातांच्या पकडीवर पुढें जाते, वळते आणि थांबते. या तिन्ही क्रियांचा खर्च घर्षणाच्या एकाच पुंजींतून चालतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर ही पुंजी भरपूर असते, म्हणून तेथें चालकाच्या लहानसहान चुका खपून जातात. हिम पडलें कीं ती एकाएकीं आटते. मग जो एकाच क्षणीं वळूंही पाहतो आणि ब्रेकही दाबतो, त्याला दोन्ही खर्च भागत नाहींत. मोटार त्याच्या हातून निसटते.

हिम आणि बर्फ हे शब्द आपण सैलपणें एकाच अर्थीं वापरतों. चालकाला मात्र तसें करून चालत नाहीं. हिम म्हणजे आकाशांतून उतरणारे भुसभुशीत कण. बर्फ म्हणजे गोठून घट्ट झालेलें पाणी. ताज्या हिमांत टायरला थोडी तरी पकड मिळते. तेंच हिम चाकांखालीं दबून, दुपारीं जरा वितळून, रात्रीं पुन्हां गोठलें म्हणजे त्याचा बर्फ होतो, आणि खरी कसोटी तेथें लागते. त्यांतही शून्य अंशाच्या आसपासचा बर्फ कडाक्याच्या थंडींतील बर्फापेक्षां अधिक निसरडा असतो, कारण त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असतो.

सर्वांत फसवा तो 'काळा बर्फ'. वस्तुतः तो काळा नसतो. त्याचा थर इतका पातळ व पारदर्शक असतो कीं खालच्या डांबराचा रंग जसाच्या तसा दिसतो, आणि रस्ता नुसता ओला आहे असें वाटतें. पहाटेच्या वेळीं, झाडांच्या सांवलींत आणि विशेषतः पुलांवर तो आढळतो. पुलाला वरून आणि खालूनही गार वारा लागतो, जमिनीची ऊब त्याला मिळत नाहीं. म्हणून अलीकडचा व पलीकडचा रस्ता नुसता ओला असतांना मधला पूल मात्र गोठलेला असूं शकतो.

तिकडील नगरपालिका रस्त्यांवर मीठ पसरतात. मिठाचें पाणी शून्याच्या बरेंच खालीं गेल्याखेरीज गोठत नाहीं, हें तत्त्व आपल्याकडे हाताच्या पॉटमध्यें आइस्क्रीम केलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. परंतु थंडी उणे १० अंशांच्या पलीकडे गेली कीं साध्या मिठाचा प्रभाव मंदावतो. मग वाळू किंवा कॅल्शियम क्लोराइडसारखीं द्रव्यें टाकावीं लागतात. हेंच मीठ मोटारीच्या पोटाखालीं चिकटून लोखंड गंजवितें. यास्तव हिंवाळ्यांत मधूनमधून मोटार खालच्या अंगानेंही धुवून घ्यावी लागते.

मोटारीची आगोटी

थंडीचा पहिला घाव बॅटरीवर पडतो. तिच्यांतील रासायनिक क्रिया गारठ्यानें मंदावते. शून्य अंशावर तिची ताकद सुमारें एक तृतीयांशानें कमी होते, आणि उणे १८ अंशांवर निम्म्याहून अधिक नाहींशी होते. नेमक्या त्याच वेळीं इंजिनांतील तेल घट्ट झालेलें असतें, म्हणजे तें फिरविण्यास जोर मात्र अधिक लागतो. उन्हाळ्यांत कुरकुरत कां होईना, पण काम देणारी जुनी बॅटरी जानेवारीच्या एखाद्या सकाळीं अजिबात मान टाकते, त्याचें कारण हें. तीन-चार वर्षें वापरलेली बॅटरी म्हणूनच थंडीपूर्वीं तपासून घ्यावी आणि शंका असल्यास बदलावी.

दुसरी गोष्ट रेडिएटरची. पाणी गोठतांना सुमारें ९ टक्के फुगतें, आणि त्या फुगण्याच्या जोरानें इंजिनाचें बीडसुद्धां तडकूं शकतें. यासाठीं रेडिएटरांत एथिलीन ग्लायकॉल नांवाचें द्रव्य व पाणी समभाग मिसळून घालतात. हें मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाहीं. गृहिणींनीं येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हें द्रव्य चवीला गोड पण अत्यंत विषारी आहे. त्याचा डबा मुलांच्या हातीं लागूं देऊं नये, आणि जमिनीवर सांडलेला थेंबन् थेंब पुसून काढावा.

इंजिनाच्या तेलाच्या डब्यावर '५ डब्ल्यू-३०' असे कांहीं आंकडे असतात. त्यांतील 'डब्ल्यू' हें हिंवाळावाचक इंग्रजी शब्दाचें आद्याक्षर होय. त्याच्या आधीचा आंकडा जितका लहान, तितकें तें तेल थंडींत अधिक पातळ राहतें. कोणतें तेल घालावें हें मोटारीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकांत लिहिलेलें असतें. तें वाचण्याचा कंटाळा करूं नये.

कॅनडांतील विनिपेग किंवा सॅस्काटून येथें उभ्या मोटारींच्या नाकांतून विजेची दोरी लोंबतांना पाहून नवख्या माणसाला गंमत वाटते. ही दोरी इंजिनांत बसविलेल्या लहानशा शेगडीची असते. रात्रभर किंवा पहाटे कांहीं तास ती चालूं ठेवली, म्हणजे उणे ३० अंशांतही इंजिन तक्रार न करतां सुरू होतें. उत्तर डकोटा संस्थानांतील अँड्र्यू फ्रीमन यांनीं अशा विद्युत् शेगडीचें पेटंट १९४९ सालीं मिळविलें.

आतां टायरांविषयीं. साध्या टायरचें रबर सुमारें ७ अंशांच्या खालीं कडक होऊं लागतें. थिजलेल्या तुपासारखी त्याची लवचिकता जाते आणि पकड कमी होते. हिंवाळी टायरचें रबर मुद्दाम असें बनविलेलें असतें कीं तें गारठ्यांतही मऊ राहावें, आणि त्यावर बारीक चिरा असतात, त्या हिमांत रुततात. ज्याच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर व त्यांत हिमकण अशी खूण कोरलेली असते, तो या परीक्षेस उतरलेला टायर समजावा. काटकसर म्हणून दोनच हिंवाळी टायर बसविण्याचा मोह कित्येकांना होतो. तो घातक आहे. एका टोकाला पकड आणि दुसऱ्या टोकाला घसरण, अशी मोटार वळणावर गिरकी खाते. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत हिंवाळी टायर कायद्यानेंच सक्तीचे आहेत. थंडीनें टायरमधील हवाही आकसते. तापमान सुमारें ६ अंशांनीं उतरलें कीं दाब दर चौरस इंचीं एका पौंडानें कमी होतो. म्हणून या दिवसांत हवा वरचेवर मोजावी. डोंगरी रस्त्यांसाठीं चाकांवर चढविण्याच्या लोखंडी साखळ्या मिळतात. त्यांचें पेटंट न्यू यॉर्क संस्थानांतील हॅरी वीड यांनीं १९०४ सालीं घेतलें. साखळ्या चढविण्याचा सराव मात्र घरच्या अंगणांत करावा; काळोखांत, बोटें गारठलेलीं असतांना, घाटांतल्या वाऱ्यांत तो करण्याची पाळी आणूं नये.

कांच पुसणाऱ्या वायपरची कथा आमच्या भगिनींना विशेष आवडेल. अलाबामा संस्थानांतील मेरी अँडरसन नांवाच्या बाई हिंवाळ्यांत न्यू यॉर्क शहर पाहावयास गेल्या होत्या. ओल्या हिमानें ट्रामची कांच झांकून जाई आणि बिचाऱ्या चालकाला समोरचें दिसत नसे, हें त्यांनीं पाहिलें. आंत बसून हातानें फिरवितां येईल अशा पुसणीची कल्पना त्यांना सुचली, आणि १९०३ सालीं त्यांना तिचें पेटंट मिळालें. थंडीपूर्वीं वायपरचें झिजलेलें रबर बदलावें, आणि कांच धुण्याच्या टाकींत साधें पाणी न ठेवतां न गोठणारा द्रव भरावा.

पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या खालीं कधींही जाऊं देऊं नये. रस्त्यांत अडकून पडल्यास तेंच पेट्रोल आपली शेकोटी होतें. विजेवर चालणाऱ्या मोटारींनाही हा नियम लागू आहे. थंडींत त्यांची एका भरणींतील मजल बरीच घटते. यास्तव घरच्या विजेच्या जोडणीवर असतांनाच मोटार आंतून ऊबदार करून घ्यावी आणि मगच निघावें. यावरून तशा मोटारी शीत देशांत निरुपयोगी ठरतात असें मात्र नाहीं. नॉर्वेसारख्या हिममय देशांत २०२४ सालीं विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकीं १० पैकीं जवळजवळ ९ विजेच्या होत्या.

निघण्यापूर्वींचीं पंधरा मिनिटें

रात्रीं हिम पडलें असेल तर सकाळीं पंधरा-वीस मिनिटें आधीं उठावें. समोरच्या कांचेवर दोन वीत भोंक पाडून त्यांतून डोकावत मोटार हांकणारे लोक तिकडेही आहेत. त्यांचें अनुकरण करूं नये. सर्व कांचा, सर्व दिवे, बॉनेट आणि छप्परही साफ करावें. छपरावर राहिलेला बर्फाचा पत्रा भर वेगांत उडून मागच्या मोटारीच्या कांचेवर आदळतो; न्यू जर्सी संस्थानांत तर छप्पर साफ न करणें हा दंडनीय अपराध आहे. कांचेवर गरम पाणी ओतूं नये, ती तडकते. मोटार ऊबदार करण्यासाठीं बंद गॅरेजमध्यें इंजिन चालूं ठेवणें म्हणजे तर मृत्यूला आमंत्रण होय; त्याचें कारण पुढें येईलच.

हिम उपसण्याचें फावडें वडील मंडळींनीं सहसा हातीं घेऊं नये. मुलाला मदत करावी ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु थंडीनें रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि त्यांत ओलें, जड हिम उचलण्याचे श्रम पडले कीं हृदयावर भलताच ताण येतो.

दुसरी सूचना आजीबाईंसाठीं. नातवाला जाडजूड कोट, त्यावर स्वेटर असें गुंडाळूनच त्याच्या छोट्या आसनांत बसवावें, असें प्रत्येक आजीला वाटतें. पण जाड कोटावरून आवळलेला पट्टा प्रत्यक्षांत सैलच असतो. धक्का बसतांच कोट चेपतो आणि मूल पट्ट्यांतून निसटूं शकतें. म्हणून पातळ कपड्यांवर पट्टा घट्ट बांधावा आणि मग वरून दुलई पांघरावी. ऊब तीच राहते, आणि मूलही सुरक्षित राहतें.

चालवितांना

शेजारच्या आसनावर आजी काठोकाठ भरलेला गंगाजळाचा तांब्या मांडीवर घेऊन बसली आहे, आणि तिच्या पातळावर एक थेंबही सांडूं द्यावयाचा नाहीं, अशा बेतानें हिमांत मोटार चालवावी. सारांश, निघणें हळू, वळणें हळू आणि थांबणें त्याहूनही हळू. वळण येण्यापूर्वीं सरळ रस्त्यावरच वेग उतरवून घ्यावा, मग वळावें, आणि वळण संपल्यावरच पुन्हां वेग घ्यावा. एका वेळीं एकच काम.

ब्रिटनच्या रहदारीच्या नियमपुस्तकांत असें बजावलेलें आहे कीं, बर्फावर मोटार थांबावयास कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागूं शकतें. पुढची मोटार एखाद्या खांबापाशीं गेली कीं मनांत सेकंद मोजूं लागावें. एरवीं आपण तेथें तिसऱ्या सेकंदाला पोंचलों तरी चालतें, हिमांत मात्र आठ-दहा सेकंद लागले पाहिजेत. मोटार आपोआप एकाच वेगानें ठेवणारी युक्ति या दिवसांत बंद ठेवावी. हिम बाजूला सारणारा नांगर पुढें चालला असेल तर त्याच्या मागेंच राहावें. साफ झालेला रस्ता त्याच्या मागें असतो, पुढें नव्हे.

आजकालच्या बहुतेक मोटारींत चाकें जाम होऊं न देणारी ब्रेकची योजना असते. अशा मोटारींत ब्रेक सोडून सोडून न दाबतां एकदाच घट्ट दाबून ठेवावा. पायाखालीं थरथर जाणवेल; ती बिघाडाची नसून यंत्र आपलें काम करीत असल्याची खूण आहे. चारही चाकांना शक्ति पुरविणारी मोटार असली म्हणजे हिमाची भीति नाहीं, ही समजूतही काढून टाकावी. तसली मोटार निघतांना उपयोगी पडते. थांबतांना तिलाही तेच चार तळहात असतात.

आणि मोटार घसरलीच तर? पहिली गोष्ट, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावा. ज्या झाडावर वा खांबावर आदळण्याची भीति वाटते त्याकडे न पाहतां जिकडे जावयाचें आहे तिकडे पाहावें, कारण हात डोळ्यांच्या मागें जातात. मागची बाजू उजवीकडे सरकूं लागली तर स्टिअरिंगचें चक्र हळूच उजवीकडेच फिरवावें आणि मोटार सांवरतांच सरळ करावें. उलट पुढचीं चाकें घसरत असतील तर चक्र अधिकाधिक फिरवून उपयोग नसतो. तें किंचित् सैल सोडावें, पकड परत येऊं द्यावी आणि मग वळवावें. पहिलें हिम पडतांच एखाद्या मोकळ्या पटांगणांत मंद वेगानें मुद्दाम घसरून पाहण्याचा सराव तिकडील जाणते चालक करतात, तो याचसाठीं.

अडकून पडल्यास

इतकें करूनही अडकण्याचा प्रसंग कोणावरही येऊं शकतो. ३ जानेवारी २०२२ रोजीं अमेरिकेच्या व्हर्जिनिया संस्थानांत मोठ्या हमरस्त्यावर हिमवर्षावानें शेंकडों मोटारी अडकल्या. सिनेटचे सभासद टिम केन हेही त्यांत होते. रिचमंडहून वॉशिंग्टनला जावयाचा त्यांचा दोन तासांचा प्रवास २७ तासांचा झाला. अडकलेल्यांतील एक कुटुंब आपल्याजवळचीं संत्रीं इतर मोटारींतून वांटीत फिरलें, असें त्यांनीं मागाहून सांगितलें. पिशवींतील चार फळांना त्या रात्रीं किती मोल आलें असेल!

सगळ्यांचें दैव इतकें अनुकूल नसतें. त्याच आठवड्यांत, ७ जानेवारीच्या रात्रीं, पाकिस्तानांतील मरी या थंड हवेच्या ठिकाणीं हिम पाहावयास गेलेल्या प्रवाशांच्या मोटारी वाटेंतच गाडल्या गेल्या. निदान २२ माणसें मरण पावलीं. त्यांत १० मुलें होतीं. थंडीबरोबरच, चालूं ठेवलेल्या इंजिनाचा विषारी वायु मोटारींत भरल्यामुळें कित्येकांचा अंत झाला असावा, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें.

हा वायु म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनाला तो प्राणवायूपेक्षां २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला नुसती झोंप येते, आणि ती झोंप कायमची ठरते. धुराची नळी हिमानें बुजली कीं बाहेर जावयाचा वायु आंत शिरतो. म्हणून अडकलेल्या मोटारींत इंजिन चालूं करण्यापूर्वीं, प्रत्येक वेळीं, खालीं उतरून ती नळी मोकळी करावी. तासांतून दहा मिनिटेंच इंजिन चालवावें, तेवढा वेळ वाऱ्याविरुद्ध बाजूची कांच बोटभर उघडी ठेवावी, आणि सर्वांनीं एकदम झोंपूं नये.

दुसरा नियम, मोटार सोडून जाऊं नये. हिमवादळांत दहा पावलांवरील घर दिसत नाहीं, आणि शोधणाऱ्यांना माणसापेक्षां मोटार लवकर सांपडते. दारावर किंवा आरशाला रंगीत कापड बांधावें. डिसेंबर २०२२ मध्यें नाताळच्या सुमारास बफेलो शहर व त्याच्या आसपास आलेल्या वादळांत ४० हून अधिक माणसें दगावलीं. कांहीं मोटारींत, कांहीं उघड्यावर, कांहीं घरांतच. तेथें मदतीस निघालेलीं वाहनेंसुद्धां हिमांत रुतून बसलीं होतीं.

म्हणून मोटारींत एक पेटी कायमची असावी. तींत ब्लँकेटें, जादा मोजे, हातमोजे व टोपी, विजेरी, लहान फावडें, चाकाखालीं टाकावयास वाळू, बॅटरीला बॅटरी जोडण्याच्या तारा, फोनला वीज पुरविणारें साधन, नित्याचीं औषधें आणि खाण्याचे पदार्थ असावेत. आपल्या गृहिणींना या शेवटच्या बाबतींत शिकविण्याची गरज नाहीं; दाण्याची चिक्की, सुकामेवा आणि कोरडे लाडू यांहून सोईचें खाद्य कोणतें?

आपल्या हिमालयांत

हा प्रश्न आतां केवळ परदेशाचाही राहिलेला नाहीं. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरांचा अटल बोगदा खुला झाल्यापासून भर हिंवाळ्यांतही मनालीपलीकडील लाहौल खोऱ्यांत जातां येऊं लागलें, आणि महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या मोटारीही तिकडे दिसूं लागल्या. डिसेंबर २०२४ मध्यें सोलंग ते अटल बोगदा या वाटेवर सुमारें १,००० वाहनें हिमांत अडकलीं, आणि पोलिसांना प्रवाशांना बाहेर काढावें लागलें. पुण्या-मुंबईच्या हवेंत जन्म काढलेली मोटार, तिचे उन्हाळी टायर आणि हिमावर कधींही न बसलेला चालक, हा मेळ बरा नव्हे. डिझेलच्या मोटारींना आणखी एक अडचण येते. सपाटीवर भरलेलें डिझेल कडक थंडींत मेणासारखें थिजूं लागतें. लडाखसारख्या प्रदेशासाठीं इंडियन ऑइल कंपनीनें उणे ३३ अंशांपर्यंत वाहतें राहणारें हिंवाळी डिझेल नोव्हेंबर २०१९ मध्यें आणलें, तें यासाठींच. अशा ठिकाणीं शेवटचा टप्पा तेथील माहितगार चालकाच्या मोटारींतून करावा. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. अनोळखी नदींत उतरतांना आपण नावाड्याला विचारतोंच कीं!

घरच्यांचें कर्तव्य

शेवटीं मूळ मुद्द्यावर येतों. टायर, तेल, बॅटरी, पेटी ही तयारी झाली. तरी सर्वांत मोठी सुरक्षितता एकाच गोष्टींत असते, ती म्हणजे त्या दिवशीं न निघणें. आणि हें साधें काम फार अवघड जातें. कां? तर कोणीतरी वाट पाहत असतें म्हणून. मुंज असते, बारसें असतें, मंडळाचा संक्रांतीचा समारंभ असतो, विमानतळावर आईबाबा उतरावयाचे असतात. "इतक्या दुरून आम्ही आलों आणि तुला दोन तासांचा रस्ता जड झाला?" हें वाक्य मायेपोटींच निघतें, पण त्या वाक्यानें कितीतरी शहाणीं माणसें वादळांत मोटार घेऊन बाहेर पडतात. दृष्टीला दिसत नसला तरी घाईचा हा पाय ॲक्सिलरेटरवर चालकाच्या पायाबरोबर दाबलेला असतो.

म्हणून वाट पाहणाऱ्यांनींही कांहीं नियम पाळावे. कोणत्या वाटेनें आणि केव्हां निघणार, तें विचारून ठेवावें, वाटेंत असतांना फोन करून "कुठवर आलास?" असें विचारूं नये, पोंचल्यावर त्यानेंच कळवावें. उशीर झाला तर ताट झांकून ठेवावें, रागावूं नये. आणि एखाद्या माघांतल्या संध्याकाळीं मुलाचा वा लेकीचा फोन आला, "आई, येथें हिम फार पडत आहे, आज आम्ही येत नाहीं," तर तयार केलेल्या पुरणपोळ्यांकडे न पाहतां तत्काळ उत्तर द्यावें, "बरें केलेंस, बाळ. उद्यां ये."